तीनशे बारा गाठींतली एक

प्रयोगशाळेत तिला सगळे कापवाली ताई म्हणत. बावीस वर्षं तिचं काम एकच. रुग्णाच्या शरीरातून काढलेली गाठ मेणाच्या ठोकळ्यात बसवायची आणि यंत्रावर तिचे केसाहूनही पातळ काप काढून काचेवर चढवायचे. हात असा बसलेला की गप्पा मारतानाही काप फाटत नसे.

गेल्या वर्षी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी एक अभ्यास हाती घेतला. मूत्रपिंडाच्या कर्करोगाच्या तीनशे बारा गाठी तपासायच्या आणि रोगाशी लढणाऱ्या पेशी प्रत्येकीत कुठवर पोचल्यात ते बघायचं. काही गाठींत त्या आत घुसलेल्या असतात, काहींत कडेलाच ताटकळतात, काहींत तर फिरकतही नाहीत. या तीन गटांवरून कोणाला कोणतं औषध द्यावं हे पुढेमागे ठरवता येईल, अशी मॅडमची आशा. सगळे काप ताईनेच काढले. ठोकळ्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे.

त्यातली एक गाठ तिच्या सख्ख्या भावाची होती.

दादा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. दोन वर्षांपूर्वी त्याचं डावं मूत्रपिंड काढलं, तेव्हा पुढे होणाऱ्या कुठल्याही अभ्यासासाठी गाठ द्यायला त्याने हसत सही केली होती. "मला तिचा काय उपयोग? लोणचं घालू?" आता रोग फुप्फुसात उतरला होता. तीन महिने गोळ्या घेऊनही तिथले ठिपके वाढलेच.

ताई तडक मॅडमच्या खोलीत गेली. "दादाची गाठ कुठल्या गटात आहे, तेवढं सांगा."

"नाही सांगता येत गं. कुठला आकडा कुणाचा, ती यादी कुलपात आहे. हा अभ्यास आहे, तपासणी नव्हे. याचा अजून कुणाला भरवसा नाही."

"काप मी काढलेत, मॅडम!"

"तरीही नाही. अभ्यासांवर देखरेख करणाऱ्या समितीकडे अर्ज कर."

तिच्या अंगाचा तिळपापड झाला, पण अर्ज केला. रुग्णाने स्वतः करावा, म्हणून तो परत आला. दादाने केला. मग उपचार करणाऱ्या डॉक्टरांचं पत्र हवं झालं. पत्र देताना डॉक्टर म्हणाले, "तोवर औषध बदलून बघू या."

"नको," ताई म्हणाली, "आधी गट कळू द्या. उगाच अंधारात तीर कशाला?"

दादाने मान डोलावली. या बाबतीत धाकट्या बहिणीचा शब्द त्याला प्रमाण होता.

मग समितीची बैठकच पुढे ढकलली गेली, तीही दोनदा. दादा जिन्यात मध्येच टेकू लागला. यंत्रावर ताईचे काप फाटू लागले. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं.

सातव्या आठवड्यात एका ओळीचं उत्तर आलं: पेशी कडेला जमलेल्या; या गटाबाबत निष्कर्ष नाही.

"म्हणजे मदत दारापर्यंत आली आणि चपला काढत बसली," दादा म्हणाला. ताईला हसू आलं नाही.

डॉक्टरांनी कागद वाचून बाजूला ठेवला. "यावरून काहीच ठरत नाही. गोळ्या लागू पडत नाहीत, एवढं पुरेसं आहे. या पेशींना चेव आणणारं औषध सलाइनमधून सुरू करू."

"हे तेव्हाच करता आलं असतं?"

"आलं असतं," डॉक्टर हळूच म्हणाले. "तुम्ही थांबा म्हणालात."

परतीच्या वाटेवर दादा तिला समोरच्या गाड्यांच्या चुका दाखवत राहिला. त्याने चार शिव्या हासडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटत राहिलं.

चार महिन्यांनी ठिपके वाढले नव्हते, घटलेही नव्हते. दादा पुन्हा रोज एक तास शिकवायला जाऊ लागला.

मॅडमनी आणखी दोनशे ठोकळे तिच्यापुढे ठेवले.

"काढते," ताई म्हणाली. "पण आपल्या गाठीत काय निघालं हे कळायला हवं का, एवढं रुग्णाला सही घेतानाच विचारा. आणि त्याचा उपयोग होईल की नाही, तेही तेव्हाच सांगा."

"समितीपुढे ठेवते."

"केव्हा?"

मॅडमनी चष्मा पुसायला घेतला. ताईने यंत्राला नवं पातं लावलं आणि पहिला ठोकळा उचलला.