नवरदेवाशिवायची वरात

मी घोड्या-कुत्र्यांची फिजिओथेरपी करते, हे यवतमाळात एका दमात सांगून होत नाही. "म्हणजे मालिश?" हा पहिला प्रश्न. दुसरा आमच्या सासूबाईंचा: "कुत्र्याच्या कमरेले शेक देतं, अन् माह्या गुडघ्याले कोन देईन?" आता त्यांच्या गुडघ्यांनाही देते. काय करता!

पुसदच्या एका चाचांची घोडी पांढरीशुभ्र, वरातीची. रस्त्यात घसरली आणि मागच्या पायाचा स्नायू दुखावला. हाड शाबूत आहे असं बघून गुरांच्या डॉक्टरांनी तिला माझ्याकडे सोपवलं. चाचांनी तिला शिंगरू असल्यापासून वाढवलेलं. पण त्यांचा ऑटो चालवणारा थोरला मुलगा वैतागला होता. लग्नसराईआधी चालली नाही तर विकायची, गिऱ्हाईक बघून ठेवलंय, असं त्यानं बापाला तोंडावर सांगितलं. चाचांचं जेवणावरचं मनच उडालं.

मी शेकायला, चोळायला शिकवलं, रोज सपाट रस्त्यावर हळू चालवायला सांगितलं आणि घरी आले. मग फोनवर विचारायची, "चाचा, चालते का?"

"चालते ना, म्याडम!"

दर वेळी हेच उत्तर. मी खूश. जाऊन बघते तर घोडी लिंबाखाली तीन पायांवर उभी, गूळ-चणे खाऊन टम्म!

"चाचा, चालते म्हणत होता ना?" माझा पाराच चढला.

"मले वाटलं तुम्ही विचारून राह्यल्या, असा शेक चालते का. तं चालते म्हनलं."

आमच्याकडे 'चालते' म्हटलं की पाय सोडून बाकी सगळं चालतं, हे मला, इथल्याच पोरीला, कळू नये? कप्पाळ माझं!

"अन् चालवली काहून नाही?"

"पाय टेकवला का कन्हते ते. मले नाही पाहवत."

शेवटी मुलानंच रागारागात दोर हातात घेतला. घोडी जागची हलेना. ओढलं, चुचकारलं, छे! मग चाचांच्या ध्यानात आलं, "नटवल्याबिगर ते कधी निंगालीच नाही!" जरीची झूल घातली, डोक्यावर कलगी बांधली, आणि बाईसाहेब निघाल्या की डुलत डुलत.

त्या दिवसापासून रोज सकाळी गल्लीतून बिननवरदेवाची वरात निघू लागली. ओट्यावरून लोक विचारायचे, "नवरदेव कुठी गेला?"

"पळाला!" मुलगा खेकसायचा. पुढे पुढे हसून सांगायला लागला. सकाळच्या सवाऱ्या सोडून तो घोडीमागे असायचा.

घोडी बरी झाली, पण त्या गिऱ्हाईकाला नको म्हणून कोणी कळवलंच नव्हतं. ते लग्नसराईच्या तोंडावर दारात हजर. मी तिथंच होते. घोडी अशी झोकात चालली की माझा ऊर भरून आला. गिऱ्हाईक म्हणालं, "आजच नेतो. डॉक्टरीणबाई, पाय कसा आहे हिचा?"

चाचा भिंतीकडे तोंड करून बसलेले. त्यांच्याकडे बघून 'लंगडते' म्हणावंसं वाटलं, पण खोटं काही जिभेवर येईना.

"एकदम ठणठणीत," मी म्हणाले.

"कायची ठणठणीत?" मुलगा माझ्यावरच उखडला. "रातभर कन्हते ते! चार पावलं गेली का लंगडते. चावते बी! काहून खोटं बोलून राह्यल्या, म्याडम? कोनाच्या गळ्यात बांधता असली घोडी?"

आणि बोलता बोलता त्यानं दोराचे दोन वेढे स्वतःच्या मनगटाला घेतले.