गाळलेल्या दोन मात्रा

हे सांगायचं मी चार वर्षं टाळलं. लोक हसतील ही भीती होतीच, पण त्याआधी स्वतःची एक लबाडी कबूल करावी लागणार होती... ती जास्त जड होती. भुताखेतांवर माझा कधी विश्वास नव्हता. ऑफिसात कुणी टेबलाखाली लिंबू ठेवलं तर मी ते घरी नेऊन सरबत करायचो.

तेलंगणातल्या आदिलाबादला नोकरीत असताना मी महाराष्ट्रातल्या एका मराठी पेपरात इथल्या मैफलींवर लिहायचो. एकदा मोठ्या शहरातले एक गायक आले. तबल्यावर जवळच्या तलमडुगू गावच्या शाळेतले वाघमारे मास्तर. विलंबित एकताल, बारा मात्रांचा. सवयीने मी बोटांवर मात्रा मोजत होतो. गायक दोन मात्रा आधीच समेवर आले – म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, जिथे गाणं आणि तबला एकत्र पोचायला हवेत. मास्तरांनी त्याच क्षणी शेवटच्या दोन मात्रा गाळल्या आणि सम गायकाच्या पुढ्यात ठेवली. हॉलने दाद दिली ती गायकाला.

मी लिहिलं – तबलजीने दोन मात्रा खाल्ल्या, स्थानिक साथ तोकडी पडली. खरं काय ते मला माहीत होतं. पण पाहुणा दुखावला तर मोठे कलाकार इकडे फिरकणार नाहीत, असं मी स्वतःला समजावलं. त्यानंतर बाहेरच्या कुठल्याही कलाकाराच्या साथीला मास्तरांना कोणी बसवलं नाही.

पंधरवड्याने ते बाजारात दिसले. मी नजर चुकवली, तर त्यांनीच ओढून चहाला नेलं. म्हणाले, "काऊन लपून राह्यले साहेब? पाहुण्याची इज्जत राह्यली ना? मी तं इथलाच हाये, मायं काय जाते."

मी पावसापाण्याचं काढलं. नंतरही भेटलो, दरवेळी विषय बदलला. मग मास्तर वारले.

पुढे माझे कान गेले. मशीन लावलं की बोलणं कळायचं, पण सूर पत्र्यावर खडे पडावेत तसे वाजायचे. गाणं सुटलं. तरी चार वर्षांपूर्वी, एका रविवारी, सून मला सकाळच्या मैफलीला घेऊनच गेली. "घरी आईंच्या फोटोसंगं भांडत बसण्यापरीस चला," म्हणाली; आई म्हणजे तिची सासू, माझी वारलेली बायको. उजवीकडे ती बसली, डावीकडची खुर्ची रिकामी. गायिकेने सुरुवात केली तसं मी मशीन काढून खिशात टाकलं आणि डोळे मिटले.

थोड्या वेळाने खुर्चीच्या डाव्या लाकडी हातावर ठोके जाणवले. संथ एकताल. डोळे उघडले. माझ्या हाताला लागून एक हात होता... पांढरी बाही, तर्जनीवर तबलजीचा जुना घट्टा. मान वर करायची हिंमत झाली नाही. ठोके लाकडातून हाडात उतरले, आणि मला ऐकू येऊ लागलं – आधी तानपुरा, मग आवाज. स्वच्छ. मी रडत होतो. मध्येच गायिका दोन मात्रा आधी समेवर आली. शेजारच्या बोटाने दोन ठोके गाळले आणि अलगद सम दिली.

दीड तासाने टाळ्या झाल्या. मी वळलो तर खुर्चीवर सुनेची पर्स. ती म्हणाली, सुरुवातीपासून तिथे पर्सच आहे.

मशीन लावून मी स्टेजवरच्या तरुण तबलजीला गाठलं आणि गायिका दोन मात्रा आधी समेवर आली त्या जागेबद्दल विचारलं. तो चपापला. "काका, हे तं पहिल्या लाइनीलाबी नाई समजलं."

कानाचे डॉक्टर म्हणाले, भास असेल. असेल. कान तसेच आहेत, पण ते दीड तास मला मिळाले... त्याचे उपकार फिटायचे नाहीत. तो पेपर कधीच बंद पडला, म्हणून इथे लिहून ठेवतो – त्या मैफलीत चुकले ते गायक. वाघमारे मास्तरांनी त्यांना सावरलं.

एक मात्र राहिलं. दीड तास ते शेजारी होते. 'मास्तर, मी खोटं लिहिलं, माफ करा' – शब्द ओठांवर आले होते. पण बोललो तर गाणं थांबेल, अशी धास्ती वाटली... आणि मी नुसता ऐकत बसलो.