न पेटलेला राब

बॉयलरचं झाकण उघडलं आणि आमचे नगरपालिकेचे इंजिनिअरसाहेब नाकाला रुमाल लावून मागे सरले.

"ओव्हरसीअर, हे काय शिजवलंत?"

"कल्याणच्या बाजारातला कचरा, साहेब."

केळीचे बुंधे, सडकी भाजी, माशांची घाण. एवढा ओला माल जळत नाही, आणि पुरला तर कुत्री उकरतात. म्हणून रेल्वेने मोडीत काढलेल्या बॉयलरमध्ये मी तो पाण्यासकट कोंडला आणि खाली दिवसभर जाळ ठेवला. वाफेला वाट नसली की दाब चढतो, पाणी उकळीच्याही पुढे तापतं आणि आतला पाला कोळशासारखा काळा होतो. लोणारी कोळसा पाडतात तो सुक्या लाकडाचा. हा ओल्या घाणीचा.

साहेबांना त्याचं कौतुक नव्हतं. "शेतीला उपयोग दाखवा. नाहीतर बॉयलर भंगारात."

शीळेकडच्या गोमा पाटलांना अशा मालाची नड होतीच. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या जागेवर आधी शेण, टहाळ, पाला पसरून पेटवतात. त्याला राब म्हणतात. जंगलखात्याने टहाळ तोडायला बंदी केली होती. राब नाही तर रोप नाही, आणि रोप नाही तर पाटलांच्या घरात वर्षभर भात नाही. मी गाडीभर काळा माल वाळवून पाठवला. तळाचा निम्मा ओलाच राहिला. मातीत कालवा, असं बजावलं.

रोप दाखवायला साहेबांना घेऊन गेलो, तर वरचा अर्धा तुकडा विटेसारखा भाजलेला. हिरवं पातं म्हणून नाही.

"पाटील, हे काय केलंत?"

"राब हाय नं यो? मंग पेटवाला नको?" त्यांना माझा प्रश्नच कळेना. "रातभर धगधगत व्हता. असा राब आमचे बापानं पन पायला नसंल."

साहेब तोवर बांधाकडे पोचले होते. तिथलं रोप हिरवंगार, बोट शिरणार नाही इतकं दाट.

पाटील हात जोडत त्यांच्यामागे धावले. "तवरा सोरून द्या, सायेब. थं माल वल्ला व्हता, काय केल्या पेटलाच नाय, तसाच मातीत गेला. माफी करा."

साहेबांनी एक रोप उपटलं, मुळं निरखली आणि मला म्हणाले, "बॉयलर राहू द्या."

पाटलांची लावणी त्या न पेटलेल्या अर्ध्यावर कशीबशी निभावली. पुढच्या वर्षापासून मी माल ओलाच पाठवू लागलो. समजावत बसण्यापेक्षा ते सोपं पडलं.