कानाची मशीन आणि खुशाल गुरुजी

आदिलाबादकडच्या भीमपूर मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, मराठी शाळेत खुशाल गुरुजींनी एकतीस वर्षं शिकवलं. फळ्याकडे तोंड करून लिहीत असले, तरी मागच्या रांगेत कोणी 'श'चा 'स' केला की गुरुजी न वळताच त्याचं नाव घ्यायचे. रिटायर झाल्यावर घरात बसवेना, म्हणून विहारात दुपारच्या वेळी बायांना लिहाय-वाचायला शिकवू लागले. शेतात कामाला जाणाऱ्या सात-आठ जणी होत्या.

साठी उलटली आणि त्यांचा तो कानच दगा देऊ लागला. मुलगी शुभांगी आदिलाबादला एका ऑफिसात क्लार्क. तिनं त्यांना यवतमाळला नेऊन दोन्ही कानांना मशीन बसवून आणली. दुकानदारानं मोबाइलमध्ये अ‍ॅप टाकून गुरुजींच्या कानाला बसेल असा आवाज लावून दिला. वर्षभर सगळं झकास चाललं.

मग एका सकाळी अ‍ॅप आपोआप बदललं. गुरुजींनी मशीन कानात घातली आणि घरातला पंखा ट्रॅक्टरसारखा घरघरू लागला. भांडी, शेजारच्या शेळ्या, रस्त्यावरच्या गाड्या, सगळं एकदम अंगावर आलं आणि त्यात माणसांचं बोलणं बुडालं. आवाज पहिल्यासारखा लावायचा तर अ‍ॅप नव्यानं उघडायला हवं. त्याचा ओटीपी जुन्या नंबरवर जाई आणि ते सिम तर कधीच बंद पडलं होतं. यवतमाळच्या दुकानदारानं हात वर केले, "आता सगळं कंपनीच्या हातात आहे, हेल्पलाइनवरच बोला."

गुरुजींनी मशीन काढून डब्यात ठेवली आणि तशीच शिकवणी चालू ठेवली. ओठांकडे बघून भागेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्या दिवशी सखूबाई पुस्तकावर बोट ठेवून काहीतरी बोलली. गुरुजी म्हणाले, "शाब्बास! वाच पुढं." बाकीच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. शेवटी रेणुकाबाईनं त्यांच्या कानाशी येऊन ओरडून सांगितलं, "गुरुजी, ते म्हणून राह्यली, मले काईच समजलं नाई!"

त्या दिवशी वर्ग लवकर सुटला. दुसऱ्या दिवशी गुरुजी विहाराकडे फिरकलेच नाहीत.

रविवारी शुभांगी गावी आली. बाप खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडलेला बघून तिनं लगेच हेल्पलाइन लावली. तेलुगू, हिंदी, इंग्रजी असे आकडे दाबत, गाणं ऐकत पंधरा मिनिटं गेली. मग पलीकडची मुलगी म्हणाली, "मॅडम, नंबर बदलना है तो ग्राहक को खुद बात करनी पड़ेगी. कंपनी का नियम है."

"अहो, त्यांना ऐकू येत नाही, म्हणूनच तर मशीन!" शुभांगी मराठीतच ओरडली. मग तेच हिंदीतून सांगितलं. नियम तोच राहिला.

दुसऱ्यांदा गुरुजी फोनवर बसले आणि शुभांगी कानाशी प्रश्न सांगू लागली. "सर, पीछे कोई और बोल रहा है," असं म्हणून तिकडच्या माणसानं फोन ठेवून दिला. शुभांगीच्या डोळ्यांत पाणी आलं.

गुरुजी उठले, बायांच्या वर्गातली पाटी घेऊन आले आणि तिच्या मांडीवर ठेवली. "तू बोलू नको माय. लिही."

तिसरा फोन लागला. शुभांगीनं आधी पाटीवर लिहिलं, 'मुलगी आहे.' स्पीकर चालू. शुभांगी ऐकत होती, पाटीवर झरझर लिहीत होती, पुसत होती. गुरुजी वाचत होते आणि वर्गात द्यावं तसं खणखणीत उत्तर देत होते. पूर्ण नाव. जन्मतारीख. मशीनचा नंबर, डब्याच्या बुडाशी लिहिलेला. मग पाटीवर आलं, 'खातं उघडताना ठेवलेला शब्द?'

तो शब्द दुकानदारानं ठेवला असणार. शुभांगीनं मान हलवली. खडू हातातच राहिला.

गुरुजींनी क्षणभर पाटीकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ घेऊन म्हणाले, "बेटी, मैं झूठ नहीं बोलूंगा. मेरे को सुनाई नहीं देता. मेरी लड़की पाटी पर लिख रही है, मैं पढ़ रहा हूं. मैं मास्टर हूं. मशीन के बिना मेरी क्लास बंद है."

पलीकडे काय झालं ते त्यांना कळलं नाही. ते शुभांगीच्या तोंडाकडे बघत राहिले. तिचा चेहरा आधी घाबरला, मग हळूहळू सैल झाला. तिनं लिहिलं, 'बिलाचा फोटो मागते. त्यावर तुमचं नाव आहे. चालेल म्हणते.'

बिल ट्रंकेत होतं. फोटो गेला. वीस मिनिटांनी नव्या नंबरवर ओटीपी आला, अ‍ॅप उघडलं, आणि जुना आवाज तिथं तसाच जपून ठेवलेला निघाला. गुरुजींनी मशीन कानात घातली, शुभांगीनं एकदा बोट लावलं.

पंखा मागं सरकला. शेळ्या शेजारच्या अंगणात परत गेल्या.

"बाबा? येते का ऐकू?"

"हळू बोल नं," गुरुजी म्हणाले. "काऊन ओरडून राह्यली?" आणि दोघंही हसत सुटले. हसता हसता गुरुजींनी धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. किती दिवसांनी पोटभर जेवलो, असं रात्री ताटावरून उठताना ते स्वतःच म्हणाले.

सोमवारी वर्ग भरला. आधी सखूबाईपुढे हात जोडून गुरुजी म्हणाले, "बाई, चूक माही होती. कोणतं नाई समजलं?" तिनं जोडाक्षरावर बोट ठेवलं. त्या दिवशी पूर्ण तास जोडाक्षरंच चालली.

त्याच आठवड्यात गुरुजींनी कंपनीला सुवाच्य अक्षरात पत्र लिहिलं. ज्यांना ऐकू येत नाही अशांनाच तुम्ही मशीन विकता, तर त्यांना लिहून बोलायची सोय ठेवा, आणि त्या दिवशी ज्या मुलीनं ऐकून घेतलं तिला माझा आशीर्वाद कळवा. 'आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे' एवढं एका ओळीचं उत्तर आलं. गुरुजींनी ते वाचलं, घडी घालून बिलाबरोबर ट्रंकेत ठेवलं आणि विहारात जायला चपला घातल्या.