माझा कान सर्दीनं फुटला

माझा कान सर्दीनं फुटला. पाण्यातल्या आसरांनी नव्हे, कुणाच्या कोपानं नव्हे, सर्दीनं. हे मी तेव्हा मुळशीत सांगत होतो, आजही सांगतो.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. धरणावर एका ठेकेदाराकडे मी पाणबुड्या होतो. बोगद्याच्या तोंडावरच्या जाळीत ओंडके अडकत. हवेची नळी तोंडात धरून खाली जायचं आणि ते सोडवायचे. कमरेला दोर. दोन गडी तो वर धरून बसत. दोन हिसके दिले की ओढून घेत.

खाली जाताना पाणी कान दाबतं. नाक चिमटीत धरून आतून जोर लावला की कान मोकळे होतात. त्या दिवशी नाक चोंदलेलं, कान मोकळे होईनात. परत फिरावं तर ठेकेदाराची बोलणी. गेलो तसाच. आत फट् झालं, दुखणं एकदम थांबलं आणि गार पाणी कानात शिरताच सगळं गरगरलं. वर कुठं, खाली कुठं, काही कळेना. चाचपडत दोर सापडला, हिसके दिले.

वर आलो तो कानातून रक्त. दोर धरणाऱ्यांनी मला सोडून पाण्यालाच हात जोडले.

"आसरांनी धरलंय," थोरला गडी म्हणाला. "त्यांची वटी भर. हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ. त्याबिगर आमी तुजा दोर धरनार न्हाई."

घरी आईनं लसूण घालून कढवलेलं तेल कोमट करून कानात ओतलं. फाटलेल्या पडद्यातून ते थेट घशात उतरलं. जिभेवर लसणाची चव आली तेव्हा दोघंही घाबरलो. पौडचे डॉक्टर म्हणाले, पडद्याला भोक पडलंय. तेल नको, पाणी नको, आपोआप भरेल. यथावकाश ते भरलं.

कान बरा झाला, पण दोर धरायला कुणी तयार होईना. "एक नारळ फोडायला काय जातंय रे तुजं?" ठेकेदार म्हणाला. "न्हाईतर मी दुसरा गडी बघतो."

माझं डोकंच फिरलं. बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हा वडिलांनी देव्हाऱ्यातले देव स्वतःच्या हातांनी नदीत सोडले होते. आणि मी त्याच पाण्यापुढे पोटासाठी वाकू? काम गेलं तरी चालेल, म्हणालो, ओटी भरणार नाही.

दुसऱ्या दिवशी आई माझ्याबरोबर धरणावर आली. "दोर मी धरते," ती म्हणाली.

"म्हातारे, तुला झेपंल का?" ठेकेदार हसला.

"जलमभर घागरी वडल्यात. ह्यो काय जड हाय व्हय?"

उतरलो. दोर इतका ताठ की जाळीपर्यंत हात पुरेना. सैल सोड म्हणून एक हिसका दिला, तर तिनं मला सरळ वर ओढलं. गडी खो खो हसले. थोरला मात्र ओशाळून पुढे आला, म्हणाला, "आन हिकडं, मी धरतो." त्याच्याच घरच्या विहिरीवर, तरणी असताना, आईनं तहानेनं दोराला हात लावला होता आणि सगळ्या गावादेखत शिव्या खाल्ल्या होत्या.

"लांब हो," आई म्हणाली. "दोराला शिवायचं न्हाई."

तो जागच्या जागी थांबला. आईनं हातभर दोर सैल सोडला आणि मी खाली गेलो.