आप्पांची सव्वा मूठ

आमच्या चुलतसासऱ्यांइतका, म्हणजे आप्पांइतका, माणसांत रमणारा माणूस उभ्या सुरतेत सापडायचा नाही. फरक एवढाच, की ते ज्यांच्यात रमायचे त्यातली निम्मी माणसं हयात नव्हती. लग्न होऊन मी अकोल्याहून कोसाडच्या कॉलनीत आले, त्याच आठवड्यात सगळे मिळून एका साखरपुड्याला निघालो होतो. रिक्षाची मागची सीट चांगली रिकामी होती, पण मी चढायला गेले तर आप्पा म्हणाले, "पोरी, तू पुढे बस, मांगे जागा नही." मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळून अगदी घरगुती आवाजात, "सरकी बस ना भाऊ, मना पाय दबाई ऱ्हायना." नवी नवरी मी, अंगावर सर्रकन काटा आला. सासूबाईंनी मात्र पदर सावरत सांगितलं, "मोठे चुलते असतील. त्यांना साखरपुडे फार आवडायचे." आणि मी शालू सावरत ड्रायव्हरजवळ अंग चोरून बसले.

आप्पा मूळचे धुळ्याकडचे. उभा जन्म यंत्रमागावर गेला, त्यामुळे ऐकू कमी यायचं. पण जे कुणालाच ऐकू येत नाही ते त्यांना स्वच्छ ऐकू येई. संध्याकाळी अमरोलीच्या पुलावर जाऊन कठड्याला टेकायचे आणि खाली तापीशी बोलायचे. म्हणायचे, हे पाणी आपल्याच मुलखातून आलंय, गावची खबर याला नाही तर कुणाला असणार? लोकांना वाटे म्हातारा जीव द्यायला उभा आहे. एकदा दोघा भल्या गुजराती माणसांनी त्यांना दंडाला धरून घरी आणून सोडलं. आप्पांनी त्यांना चहा पाजला, आणि ते गेल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "शिंदखेडानी आत्या गयी." सासूबाई ओरडल्या, काय वंगाळ बोलता भरल्या घरात! त्यांचं बोलणं संपायच्या आत फोन वाजला. मी तो उचलला नाही. अजूनही घरात फोन वाजला की मी आधी आप्पांच्या खुर्चीकडे बघते.

पण आप्पांचा खरा दरारा होता तो श्रावणात, कानबाईच्या रोटांना. आम्हा वऱ्हाडकडच्यांना हे नवीन, म्हणून सांगते. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी घरात कानबाई देवी बसते. तिच्या रोटांसाठी घरातल्या एकेका माणसाचं नाव घेऊन सव्वा मूठ गहू काढायचे, दळायचे, आणि त्याचे रोट भाऊबंदांनीच खायचे. बाहेरच्याला देत नाहीत. थोडक्यात, ज्याची मूठ निघाली तो आपला. ज्याची नाही निघाली तो कितीही गोड बोलो, शेजारीच. सुरतेत येऊन आमच्या लोकांनी गाव सोडलं, शेत सोडलं, पोरं तर आपसांत गुजरातीत भांडतात. पण ही मूठ कुणी सोडली नाही. आणि आमच्या घरी मूठ काढायचा मान आप्पांचा.

ते न्हाऊन, कोरं धोतर नेसून पोत्यासमोर बसत आणि नावं घेऊ लागत. हयात लोकांची नावं संपली, की आपण सुटलो म्हणून मी उठायला जाई, तर त्यांची पुढची यादी सुरू! मोठे चुलते, वारलेली बायको, पाळण्यातच गेलेली लेक, सगळ्यांची सव्वा-सव्वा मूठ. मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो आप्पा, एवढे रोट थापणार कोण आणि खाणार कोण? गेलेल्या माणसांना कशाला मोजता?" ते माझ्याकडे असे बघत राहिले जणू मीच वेडगळ. "गया म्हनीसन काय भाऊबंदमातीन उठी गया का?" आणि गंमत म्हणा की काय म्हणा, सोमवारी कानबाईला तापीवर पोचवून आलो आणि पंगत बसली की एवढाले रोट सफाचट व्हायचे. पोरांनी हादडले असतील, अशी मी मनाची समजूत घालायचे. पोरं तर म्हणायची, आम्हाला एकेकच मिळाला.

बायका त्यांच्या हाताकडे श्वास रोखून बघत, त्यालाही कारण होतं. माझं स्थळ कुणाच्या मनातही नव्हतं तेव्हा आप्पांनी म्हणे 'अकोलानी पोर' म्हणून मूठ काढून ठेवली होती. आणि माझ्या सासऱ्यांच्या नावाला एका साली त्यांचा हात गव्हात गेला तो वर येईचना. कसाबसा बाहेर काढला, तर मूठ रिकामी. सासरे तेव्हा धडधाकट, खो-खो हसले. दिवाळी बघितली नाही त्यांनी.

आता माझ्या धाकट्या दिराचं सांगते, कारण सगळं तिथेच येऊन ठेपतं. पंकजने हेतल नावाच्या गुजराती मुलीशी लग्न केलं. माझ्या नवऱ्याने घर डोक्यावर घेतलं, "पुन्हा तोंड दाखवू नकोस" म्हणाला. पंकजही त्याचाच भाऊ. तो सुरतेच्या पार टोकाला सचिन नावाच्या गावात, कापड रंगवायच्या प्रोसेस हाऊसमध्ये लागला आणि तिकडेच राहिला. त्याचं नाव घरात काढायची चोरी. सासूबाई त्याच्या आवडीची भाजी करत आणि ताटात वाढून घेऊन न जेवता उठत. फक्त आप्पा दर कानबाईला त्याचं नाव खणखणीत आवाजात घेत, आणि पाठोपाठ हेतलचंही. माझा नवरा भिंतीकडे बघत राही.

तीन-चार श्रावण असेच गेले. मग एका वर्षी आप्पांनी "पंकज" म्हटलं, हात गव्हात घातला आणि तो तिथेच राहिला. पंखा फिरतोय, उदबत्तीचा धूर सरळ वर जातोय, कुणी हलत नाही. आप्पांच्या कपाळावर घाम. "हात निंघी नही ऱ्हायना," ते हळूच म्हणाले. सासूबाईंनी असा टाहो फोडला की शेजारची उडिया बाई लाटणं हातात घेऊन धावत आली. आणि माझा नवरा, ज्याने भावाचं तोंड न बघण्याची शपथ घेतली होती, तो अनवाणी जिना उतरला, बाईकला किक मारली आणि सुटला.

पंकज सचिनमधल्या आपल्या खोलीत पडलेला सापडला. कावीळ पार डोळ्यांत उतरलेली, शुद्ध हरपत चाललेली. हेतल उशाशी बसून होती. तिच्या माहेरच्यांनी तिला टाकलेलं, आमच्याकडे फोन करायची हिंमत नाही, आणि तिसरं कुणी नाही. एवढ्या मोठ्या सुरतेत त्या दोघांना हाक मारायला एक दार नव्हतं. दवाखान्यातून पंकज आणि हेतल थेट आमच्या घरी आले. ती आप्पांना गुजराती रीतीने आजोबा म्हणून 'दादा' म्हणू लागली. पंकज बरा व्हायला लागला तशी मी आप्पांना स्वयंपाकघरात गाठलं. "आप्पा, तुम्हाला कळलं कसं?" ते खुदखुदून हसले, वाकडी बोटं माझ्यापुढे नाचवली. "कसानं काय! मना बोटे आखडी गयात, वात शे." मी कपाळावर हात मारला. म्हणजे इतका सगळा आकांत वातापायी! हसता हसता मी विचारलं, "आणि मामंजींच्या वेळी?"

आप्पांचं हसू विझलं. "तव्हय मना बोटे चांगला व्हतात," ते म्हणाले, आणि चहा तसाच ठेवून पुलाकडे निघून गेले.

गेल्या हिवाळ्यात आप्पाच गेले. दुपारचे खुर्चीत बसल्या बसल्या, कुणाशी तरी बोलता बोलता. यंदा मूठ काढायचं माझ्याकडे आलं. नवरा म्हणाला, आता फक्त हयात माणसांच्याच घे, उगाच पसारा नको. इतकी वर्षं मीही हेच म्हणत आले होते, तेव्हा निमूट तसं केलं. मोजून, नीट, एकही नाव न विसरता.

सोमवारी पंगत बसली. माणसं तीच, घरचीच. मी वाढत वाढत ओळीच्या टोकाला आले आणि टोपल्यात हात घातला तर टोपलं रिकामं. टोकाला हेतल बसलेली. तिचं ताट तसंच कोरं. रोट कमी पडले होते. आमच्या घरात, रोट! पंकजने हातातला घास खाली ठेवला. ज्याला रोट नाही तो भाऊबंदात नाही, हे त्या पोरीला आता आमच्याइतकंच ठाऊक होतं. तिचा चेहरा उतरेल, ती उठून जाईल, पुन्हा घर फुटेल, असं काय काय माझ्या डोक्यात येऊन गेलं. ती मात्र ताटाकडे बघतच नव्हती. तिची नजर माझ्या मागे, आप्पांच्या खुर्चीवर होती.

"भाभी," ती हलकेच म्हणाली, "दादानी मुठ्ठी रही गई."

मी पोत्यासमोर जाऊन बसले. नवऱ्याने मुकाट्याने घरघंटी सुरू केली. "आप्पा," म्हणून मी हात घातला, तर माझ्या एवढ्याशा मुठीत मावणार नाहीत इतके गहू वर आले. मग मोठे चुलते, मामंजी, पाळण्यातली पोर, आठवतील ती सगळी. मी अडले तिथे सासूबाई नावं सांगत गेल्या, आणि त्या अडल्या तिथे हेतल. तिला सगळी पाठ होती. आप्पांनी कधी शिकवली कोण जाणे. गरम रोट आधी हेतलच्या ताटात पडला. सगळे पोटभर जेवले आणि टोपल्यात कणही उरला नाही.

शेवटी मी माझं ताट वाढून घेतलं. ओळ भिंतीपासून भिंतीपर्यंत गच्च भरलेली, पाय ठेवायलाही जागा नाही. मला रिक्षा आठवली. डोळे पुसून मी म्हटलं, "आप्पा, सरका ना जरा. मलाही बसू द्या."

खरं सांगते, जागा झाली.