खारव्यात बांधलेले शेवटचे प्रकरण

विमलवहिनी गेल्याची बातमी मला हिंदीत कळली. "काका, आई नहीं रहीं," एवढेच मिलिंद फोनवर म्हणाला. मी गच्चीवर होतो. आभाळ भरून आले म्हणून उन्हात घातलेल्या गाद्या गोळा करत होतो, आणि हे काम खुद्द वहिनींनीच मला थोड्या वेळापूर्वी सोपवले होते. रुग्णालयाच्या खाटेवर, नाकाला नळी लावलेल्या स्थितीत, त्यांनी खिडकीबाहेर पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊजी, ढग आलेत. गाद्या वर आहेत आणि तुम्ही इथं बसून माझं तोंड काय बघताय?" मी उठलो. दारापाशी पोचलो तोच मागून पुन्हा आवाज आला... "आणि शेवटचं प्रकरण उघडलंत तर याद राखा!" आमचे शेवटचे बोलणे हे असे झाले. शोकसभेत मात्र इथल्या मराठी मंडळाच्या चिटणिसांनी, वहिनींनी हरिनामाच्या उच्चारात देह ठेवला, असे डोळे मिटून सांगितले. चिटणीस त्या दिवशी झाशीत नव्हते. ते चिरगावला कोणाच्या तरी साखरपुड्याच्या पंगतीत होते.

खोटे बोलायलाही थोडी लाज लागते, निदान थोडा अभ्यास तरी लागतो. या मंडळींजवळ दोन्ही नाही. वहिनींना जाऊन महिना उलटला. एवढ्या अवधीत गावाने त्यांची एक सोज्ज्वळ, सोशिक, पोथीत मान घातलेली मूर्ती घडवून शेंदूर लावून टाकली आहे, आणि मी त्या मूर्तीचा अवमान केला असा बोभाटा चालला आहे. म्हणून हे लिहितो. ज्यांना मूर्ती प्रिय असेल त्यांनी पुरवणीचे पान येथेच उलटावे.

विमलवहिनी माझ्या थोरल्या भावाच्या पत्नी. माहेर कऱ्हाडचे, सासर झाशीचे. आमचे घराणे इतक्या पिढ्या इथे आहे की आमच्या मराठीला पुण्याचे पाहुणे तोंड दाबून हसतात. वहिनी उघड हसल्या, आणि पुढे स्वतःच भिंतींना चुना लावण्याला इथल्यासारखे पुताई म्हणत "पुताई झाली का?" असे विचारू लागल्या. दादा गेल्यावर घर त्यांनी चालवले. मी लग्न केले नाही, कारखान्यातून निवृत्त झालो आणि वरच्या मजल्यावर राहून त्यांच्याशी भांडत आलो. आमच्या घरात दसऱ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ म्हणजे एक मोहीम असे. भिंतींना चुना, फडताळांची झाडलोट, डब्यांना ऊन, चिरगावहून येणाऱ्या पिंजाऱ्याकडून रजयांचा कापूस पिंजून घेणे, आणि सर्वांत शेवटी पितळेची भांडी. या मोहिमेत वहिनींना एक पुस्तक लागत असे. पोथी नव्हे, रहस्यकथा. त्यातही जुन्या काळातली, संस्थानांतली, सरदारांच्या वाड्यांतली. खून होतो पण रक्ताचा थेंब दिसत नाही, सगळेजण वेळेवर जेवतात, आणि शोध लावणारी कोणी तरी म्हातारी सुपारी कातरत असते. मी या पुस्तकांना भिकार म्हणत असे. आजही म्हणतो. मृत्यूमुळे पुस्तके सुधारत नाहीत.

ही भिकार पुस्तके मोठ्याने वाचण्याचे काम मात्र माझ्याकडे होते, कारण वहिनींचे हात रिकामे नसत. त्या गच्चीवर डाळ निवडत बसत, मी पाण्याच्या टाकीच्या सावलीत खुर्ची टाकून वाचत असे, आणि कठड्यापलीकडून शेजारच्या मिश्राईन, मराठीचा एक शब्द कळत नसताना, पापड उलटत ऐकत असत. एकदा मी वाचता वाचता थांबलो आणि म्हणालो, "वहिनी, त्या काळी आपल्याकडे घरोघरी बटाटा नव्हता. तुमचा लेखक पंगतीत बटाट्याची भाजी वाढतोय."

"वाढू दे. विष कुणी घातलं ते वाचा, भाजी कसली होती ते मागाहून बघू."

"इतिहासाचं काही सोयरसुतक नाही या माणसाला!"

"भाऊजी, तुम्हाला आहे ना? मग तुम्ही लिहा. पण मग ऐकणार कोण?"

पलीकडून मिश्राईन विचारत, "भाभीजी, ख़ूनी पकड़ा गया?" वहिनी डाळीतला खडा लांब फेकत आणि म्हणत, "अभी नहीं भाभी, अभी तो पुताई भी नहीं हुई।"

त्यांच्या या उत्तरात आमच्या घरचा नियम होता. पुस्तकाचे शेवटचे प्रकरण सर्व कामे संपल्याशिवाय उघडायचे नाही. कामे चालू असतानाच दोघांनी आपापला गुन्हेगार जाहीर करायचा, आणि दिवाळीच्या तोंडावर शेवटचे प्रकरण वाचून ज्याचा अंदाज चुकला असेल त्याने घंगाळ घासायचे. हे घंगाळ पितळेचे, लहान मूल आत बसेल एवढे, वर्षभर माळ्यावर पडून काळेठिक्कर झालेले. नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानाचे पाणी त्यातच काढायचे, ही आमची जुनी रीत.

शोकसभेत एका निवृत्त प्राध्यापकांनी वहिनींची बुद्धी विजेसारखी होती असे सांगितले. साफ चूक. वहिनी वारंवार चुकत. त्यांची एकच कसोटी होती, "गोड बोलतो तोच." कथेत कोणी नम्रपणे विचारपूस करू लागला की वहिनी डाळीतून मान वर न करता म्हणत, "हाच मेला." मग तो निर्दोष ठरे, वहिनी पदर खोचून चिंच आणि राख घेऊन बसत, आणि घंगाळ घासता घासता मला ऐकवत, "लेखकच चुकला. त्यालाच कळलं नाही कुणी केलं ते." हरल्यावर लेखकाला दोषी ठरवणारी ही बाई मला त्या विजेपेक्षा शतपटीने मोठी वाटते. आणि त्यांची कसोटी पुस्तकांत फसत असली तरी झाशीत क्वचितच फसली. शोकसभेत जे जे बोलले ते सर्व अतिशय गोड बोलले.

माझा पुतण्या मिलिंद याची आवृत्ती निराळी. तो पाहुण्यांना सांगतो, "आई बेचारी बहुत अकेली थीं, किताबों में दुःख भुलाती थीं।" मुलगा प्रेमळ आहे, पण त्याला आपली आई कळली नाही. दुःख विसरायला माणूस कापूस पिंजला जात असताना, नाकातोंडाला फडके बांधून, "पुढं वाचा, थांबू नका" असे ओरडत नाही. त्यांना मजा येत असे. विधवा बाईला मजा येते, ही गोष्ट या गावाच्या पचनी पडत नाही, म्हणून तिच्या मजेला दुःखाचे औषध म्हणायचे.

आता तो बोभाट्याचा प्रसंग. पुताईचा चुना आणि कापसाची धूळ लागू नये म्हणून वहिनी चालू पुस्तक लाल खारव्याच्या फडक्यात बांधून उशाशी ठेवत. पुस्तक हातातून निसटले, पाय लागला, तर कपाळाला लावत. कागदाला पाय लागला की सारेच लावतात. सूनबाई रश्मी ललितपूरची, तिला मराठी वाचता येत नाही. तिने ते बासन पाहिले, ते कपाळाला लावणे पाहिले, आणि शोकसभेच्या दिवशी अत्यंत श्रद्धेने ते मंडळाच्या सभागृहात वहिनींच्या छायाचित्रापुढे पाटावर ठेवले. वर हळदकुंकू, वर झेंडूची फुले. येईल तो प्रथम छायाचित्राला आणि मग बासनाला नमस्कार करी. मी खारवा ओळखला. तरीही गप्प बसलो होतो, हे माझ्या निंदकांनी ध्यानात घ्यावे. पण चिटणीस बासनाकडे हात करून म्हणाले, "या ग्रंथातल्या ओव्या वहिनींच्या ओठांवर शेवटपर्यंत होत्या." तेव्हा मात्र मी उठलो, फुले बाजूला केली, गाठ सोडली आणि पुस्तक सभेकडे वळवले. वेष्टनावर पगडीवाला एक मृत सावकार होता आणि त्याच्या छातीवर मांजर बसले होते.

सभेत कोणी तरी हसले, आणि ते हसू दाबले गेले. चिटणीस म्हणाले, "बापूसाहेब, हे... हे जरा अनुचित होतंय."

"ओवी म्हणून दाखवा," मी म्हणालो. "पान तुम्ही निवडा."

चिटणीस आपल्या खुर्चीत जाऊन बसले. मी पुस्तक काखेत घेऊन घरी आलो. म्हातारा शोकाने भ्रमिष्ट झाला, असे तेव्हापासून सांगितले जाते. मी भ्रमिष्ट नाही. मला एवढेच सहन झाले नाही की ज्या बाईने जन्मभर गोड बोलणाऱ्यांवर संशय घेतला, तिला गोड बोलून पुरले जावे. त्या सगळ्यांत एकटी रश्मी संध्याकाळी वर आली. "काकाजी, मुझे क्या पता था... आई उसे पढ़वाकर इतना ख़ुश होती थीं, मुझे लगा भगवान की ही होगी।" या गावात वहिनींविषयी बोललेले हे एकमेव खरे वाक्य, आणि ते बोलणारीला पुस्तकातले अक्षर कळत नाही. मी तिला चहा विचारला.

यंदा घरात सण नव्हता. कामे मात्र मी पुरी करून घेतली. रजया भरून खाली आल्या, फडताळे झाली. या पुस्तकात सावकाराचा खून झाला आहे. मी त्याच्या धाकट्या भावाचे नाव घेतले होते. वहिनींनी, आजारी पडण्याच्या आदल्या दिवशी, दिवाणजींचे घेतले होते... "फार विचारपूस करतोय मेला." नियमाप्रमाणे कामे संपली, म्हणजे शेवटचे प्रकरण उघडण्याचा मला अधिकार आहे. मी ते उघडलेले नाही. पुस्तक खारव्यात पुन्हा बांधून त्यांच्याच उशाशी, रिकाम्या खाटेवर ठेवले आहे. उघडले की निकाल लागेल, आणि निकाल लागल्यावर लेखकच चुकला असे म्हणणारे कोणी नाही.

घंगाळ मात्र मी माळ्यावरून उतरवले आणि मागच्या अंगणात चिंच, राख घेऊन बसलो. कठड्यावरून मिश्राईन वाकल्या. "क्यों भाईसाहब, हार गए?" मी म्हणालो, "हारा नहीं हूँ। भाँडा मैला था।"

घंगाळ आता न्हाणीघरात उभे आहे आणि लखलखते आहे. तळाशी एका बाजूला काळा डाग राहिला आहे. वहिनींनी तो येताजाता दाखवला असता, आणि तो मुळातच आहे असे मी ठणकावून सांगितले असते.